हरून राहिलो

शबनम हे फुटबॉलच्या संघाचं नाव असू शकत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शबनम म्हणजे दव. पहाटे पडतं, ऊन वर आलं की जातं, मागे काही ठेवत नाही. ज्यांनी आमचा खेळ पाहिला होता त्यांना मात्र नाव अगदी चपखल वाटायचं. ते ठेवलं होतं मोहियोद्दीनभाईंनी. नांदेडात त्यांचा शबनम फोटो स्टुडिओ होता आणि अकरा जर्सी त्यांनीच शिवून आणल्या होत्या, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. समोरचे संघ आम्हाला शबनमबाई म्हणायचे. सामना संपल्यावर ते आपोआप प्रेमानं बोलायला लागायचे, कारण आम्ही कुणाचं मन कधी मोडलं नाही.

मी गोलकीपर होतो. देगलूरकडून नांदेडला शिकायला आलेला, नाव बसवंत. गोल झाला की बाहेरून कुणीतरी हमखास म्हणायचं, नावातच बसणं आहे, उभा कसा राहील! सहा वर्षांत आम्ही एक्केचाळीस सामने खेळलो आणि तीन जिंकलो. त्यातल्या एकात समोरचा संघ आलाच नव्हता.

तरीही त्र्याण्णवच्या सप्टेंबरात लातूरच्या एका चषकाच्या अंतिम फेरीत आम्ही पोचलो. कसे, ते विचारू नये. विचारलंच तर सांगतो: उपांत्य फेरीला निघालेल्या भोकरच्या संघाची एस.टी. लोह्याजवळ बंद पडली. अंतिम सामना तीस तारखेला दुपारी चारला होता. आम्ही आदल्या दिवशी येऊन एका शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपलो. पहाटे चार वाजायच्या आत जमीन हलली. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

सकाळी एक ट्रक औशाकडे निघाला होता, त्यात आम्ही चढलो. दुसरे कपडे फारसे नव्हते म्हणून अंगात जर्सीच होत्या. औशाच्या पुढच्या ज्या गावात आम्हाला उतरवलं तिथे गल्ली कुठली आणि घर कुठलं हे कळत नव्हतं. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर बसल्या होत्या. भाईंनी आम्हाला एका रांगेत उभं केलं आणि दगड हातोहात बाहेर द्यायला सांगितले. ज्या अकरा जणांना सहा वर्षांत एकमेकांकडे चेंडू नीट देता आला नव्हता, त्यांनी त्या दिवशी सकाळपासून दगड दिले आणि घेतले, आणि एकही खाली पडला नाही. चार वाजता, म्हणजे आमचा सामना सुरू व्हायचा त्याच वेळेला, रत्नम्मा नावाची एक म्हातारी जिवंत बाहेर निघाली. आमच्या पाठीवरचे नंबर बघून तिनं विचारलं, की तुम्हाला कोणत्या जेलातून आणलं. भाईंनी अदबीनं सांगितलं की आम्ही शबनम फुटबॉल क्लब, नांदेड. ती बरं म्हणाली आणि तिनं पाणी मागितलं.

तो सामना पुढे कधी झालाच नाही. भाईंनी क्लबच्या लेटरहेडवर छापून घेतलं, 'अंतिम फेरीत अपराजित, १९९३'. मी व्याकरणाचा माणूस. मी त्या ओळीत चूक शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ती खरी होती.

नंतर मी लातूरलाच राहिलो. पत्र्याच्या शेडांमधून लोकांचे अर्ज लिहून देत हिंडताना माझ्या लक्षात आलं की भूकंपानं घरं पाडली तशी माणसं अर्जाच्या दारात आणून उभी केली आहेत, आणि अर्ज कुणालाच लिहिता येत नाही. पुढे भूकंपग्रस्तांना नोकरभरतीत राखीव जागा आल्या आणि पोरांच्या रांगा लागल्या. मी एका शेडमध्ये मराठी व्याकरणाचा क्लास काढला. डाळमिलांचं गाव हा हा म्हणता क्लासचं गाव झालं, आणि वाहत्या गंगेत मीही हात धुतले. शेडचे तीन मजले झाले. क्लासला नाव हवं होतं, ते मी क्लबच्या लेटरहेडवरून उचललं: अपराजित अकॅडमी. दारावरच्या भल्यामोठ्या बोर्डावर लिहिलं, 'इथे हार नाही'. बोर्डाखाली नागम्मा फुलांची टोपली घेऊन बसते. तिनं दोनदा तक्रार केली की तुमचा बोर्ड वाचून माझं गिऱ्हाईक परत जातं.

क्लब मी सोडला तो भूकंपाच्याच वर्षी. भूकंपानंतरच्या पहिल्याच सामन्यात आम्ही नऊ गोलांनी हरलो. सामन्यानंतर चहाच्या हॉटेलात सगळ्यांसमोर मी भाईंना म्हणालो, "हा क्लब म्हणजे मढं आहे भाई, आणि तुम्ही नुसते त्याचे फोटो काढत बसलाय." मी जर्सी काढून टेबलावर टाकली आणि बनियनवर एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेलो. हरण्याचा मला खरंच वीट आला होता. त्यानंतर पंचवीस वर्षं आमचं बोलणं ईदला आणि दिवाळीला तेवढं, फोनवर, दीड मिनिट.

माझ्या क्लासमध्ये एक विनोद आहे. त्यावरच माझं नाव झालं म्हटलं तरी चालेल. आमच्या भागात माणूस जेवत नसतो, तो जेवून राहतो. लिहीत नसतो, लिहून राहतो. परीक्षेत असं लिहिलं की गुण गेले. म्हणून पहिल्याच तासाला मी एखाद्या पोराला उभं करून विचारतो, काय करतोस? तो म्हणतो, अभ्यास करून राहिलो सर. मी म्हणतो, अभ्यास करून कुठं राहिलास? लॉजवर? सगळा वर्ग हसतो आणि ते पोरगं जन्मात पुन्हा तसं बोलत नाही. या विनोदाचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिलाय. माझी बायको तारामती अकॅडमीचं ऑफिस सांभाळते. ती अहमदपूरकडची. बावीस वर्षं मी तिलाही हाच प्रश्न विचारत आलोय, आणि बावीस वर्षं ती तसंच बोलत आलीय. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी चारचौघांत म्हणायचो.

तर दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत, ना ईद ना दिवाळी, भाईंचा फोन आला. क्लब अजून चालू आहे हेच मला नीट ठाऊक नव्हतं. जिल्ह्याच्या लीगचा नियम असा, की एका मोसमात दोनदा एखाद्या संघाचे सात खेळाडू मैदानात भरले नाहीत तर त्याचं नाव कायमचं कापायचं. एकदा तसं झालं होतं. रविवारी चार वाजता विष्णुपुरीजवळच्या मैदानावर किनवटच्या एका वसतिगृहाच्या संघाशी सामना होता आणि भाईंकडे, स्वतः धरून, सहा जण होते. मैदानात सातांचे सहा झाले तरी सामना तिथंच थांबणार आणि नाव जाणार. हे सगळं सांगून भाई म्हणाले की तब्येतीला जप, आणि फोन ठेवला. ये, असं ते म्हणालेच नाहीत.

मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी मढं उचलायची वेळ आली. ते तरी नीट भाषेत उचलावं. मी एक ठराव लिहिला: 'गेली बत्तीस वर्षे क्रीडाक्षेत्राची सेवा केलेला शबनम फुटबॉल क्लब सर्वानुमते सन्मानपूर्वक विसर्जित करण्यात येत आहे.' नाव कापलं जाण्यापेक्षा आपण होऊन विसर्जन बरं, गणपतीसारखं. रविवारी साडेचारला लातूरला नव्या बॅचचा पालक मेळावा होता. चारशे पालक येणार होते आणि माझ्या भाषणाचा विषय होता, 'हार हा शब्द विसरा'. पहाटे निघायचं, भाईंची सही घ्यायची आणि बाराला परत फिरायचं, असा हिशेब होता. तारामतीला सांगितलं की एका जुन्या संस्थेचं काम आहे.

स्टुडिओ तिथंच होता, फक्त पूर्वीपेक्षा लहान वाटला. लग्नाचे फोटो आता कुणी भाईंकडून काढत नाही. माझ्यासारख्यांच्या क्लासात जाणारी पोरं फॉर्मसाठी पासपोर्ट फोटो काढतात, त्यावर दुकान तगून आहे. भाई चौपन्नचे झालेत, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधतात. बिलकीसभाभींनी चहा दिला. मी ठराव वाचून दाखवला. भाईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला आणि भाषा लई गोड हाय म्हणाले. मग म्हणाले की यावर सगळ्या खेळाडूंच्या सह्या लागतील, तुझीसुद्धा. मी म्हणालो, मी कुठं खेळाडू आहे?

भाईंनी एक फाइल काढली. तिच्यात लीगचे नोंदणीचे फॉर्म होते, दरवर्षीचा एक, एकूण पंचवीस. प्रत्येकावर माझं नाव, पुढे गोलकीपर, आणि प्रत्येकावर माझा तोच फोटो: त्र्याण्णवचा, भरगच्च केसांचा, मिशी राखलेला. खाली माझी सही होती. सुरुवातीच्या वर्षांत ती जरा कच्ची होती. पुढे पुढे इतकी सुधारली होती की मलाही तशी जमत नाही.

"निगेटिव्ह हाय ना माझ्याजवळ," भाई म्हणाले. "दरसाली एक फोटो काढायचा, चिटकवायचा. तू सोडलो म्हणला ते हॉटेलात, तोंडी. अर्ज कुठं दिला?"

'लेखी नाही ते झालंच नाही', हे वाक्य माझ्या अकॅडमीच्या जिन्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. हजारो पोरांना मी अर्ज लिहायला शिकवलं, आणि आयुष्यातला स्वतःचा एकमेव राजीनामा तोंडी देऊन मोकळा झालो होतो. कागदोपत्री मी पंचवीस वर्षं शबनमबाईंचा गोलकीपर होतो. म्हणजे या पंचवीस वर्षांत जे गोल झाले, तेही कागदोपत्री माझ्यावरच झाले होते.

बिलकीसभाभी आतून एक पिशवी घेऊन आल्या. तिच्यात एक नंबरची जर्सी होती, धुऊन इस्त्री केलेली. एवढी वर्षं कशाला सांभाळली, असं मी विचारलं. "दहा धुतल्या काय न् अकरा धुतल्या काय," त्या म्हणाल्या. मी जर्सी उलगडली. डाव्या कोपराजवळ ती फाटली होती आणि तिथं दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. ते फाटणं मला लगेच आठवलं. भूकंपाच्या गावातल्या त्या रांगेत माझ्या पुढे भाई उभे होते आणि मागे रेल्वेतला एक हमाल. एका दगडाची धार लागून बाही फाटली आणि रक्त आलं, तरी तो दगड मी पुढे दिला होता. इतक्या वर्षांत कितीतरी भाषणांत मी भूकंपाबद्दल बोललोय, पण त्यात ही रांग कधी आली नाही. मला लाज वाटली. रडूही आलं, ते मी चष्मा पुसायच्या निमित्तानं लपवलं.

ठराव घडी करून खिशात घातला. तारामतीला फोन करून सांगितलं की काम लांबलंय, मेळावा सुरू कर, पाचच्या सुमारास मी फोनवरून भाषण करतो, तो फोन माइकला लाव. कसलं काम, असं तिनं विचारलं. संस्थेचं, असं मी पुन्हा सांगितलं.

मैदानावर रेफरीनं माझ्या फॉर्मवरचा फोटो बघितला, मग मला बघितलं, मग परत फोटो बघितला. भाई म्हणाले, आजारी होता. आम्ही सात जण उभे राहिलो. भाई आणि मी, एक रिक्षावाला, दोन शिक्षक, भाईंचा पुतण्या जीशान आणि पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झालेला एक कंडक्टर. जर्सी माझ्या पोटावर इतकी ताणली होती की पाठीवरचा एक आडवा पसरला होता. समोर किनवटची अठरा-एकोणीस वर्षांची अकरा पोरं होती, काटक आणि वाऱ्यासारखी. त्यांच्या कप्तानाचं नाव शिवशंकर. त्यानं मला ओळखलं आणि धावत येऊन पाया पडला. ती सगळी पोलीस भरतीची तयारी करत होती. वसतिगृहात माझे व्हिडिओ रोज लावतात, म्हणाला.

यामुळे मला दयामाया मिळेल असं वाटलं असेल तर तसं काही झालं नाही. मिळाला तो मान. गोल मारला की ती पोरं सॉरी सर म्हणायची. पहिला गोल तिसऱ्या मिनिटाला झाला. चौथ्या गोलाच्या वेळी शिवशंकर एकटाच चेंडू घेऊन माझ्यासमोर आला आणि गुरूला फसवायचं जिवावर आल्यामुळे आधीच सांगून मोकळा झाला, "सर, उजवीकडं मारून राहिलो..." मग त्याला चूक कळली. त्यानं जीभ चावली, 'मारत आहे' अशी दुरुस्ती केली आणि उजवीकडेच मारला. मी उजवीकडेच झेपावलो होतो. तरीही चेंडू आत गेला.

हाफटाइमला आठ शून्य होतं. मी गोलाच्या खांबाला टेकून बसलो, नावाप्रमाणे. श्वास पुरत नव्हता. लातूरहून फोन यायची वाट बघत होतो, पण तिकडे प्रमुख पाहुणे बोलत सुटले होते. भाई लंगडत सगळ्यांना पाणी देत होते. मला पाणी देताना म्हणाले की दुसरा गोल तू मस्त वाचवला असता. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ते चेष्टा करत नाहीयेत. आठ गोल खाऊन हा माणूस खूश होता, कारण सात जण होते. ज्या क्लबला मी मढं म्हणालो होतो तो यांनी एकट्यानं, एका निगेटिव्हवर, पंचवीस वर्षं जिवंत ठेवला होता. आणि अपराजित नावाखाली तीन मजले चढवून बसलो होतो मी.

रेफरीनं शिट्टी मारली आणि त्याच क्षणी बिलकीसभाभींच्या हातातला माझा फोन वाजला. मी रेषेबाहेर जाऊन घेतला. मागे चारशे माणसांची कुजबुज ऐकू येत होती, म्हणजे तारामतीनं फोन माइकला लावला होता. खिशात भाषणाचा कागद ठरावालाच चिकटला होता. रेफरी माझ्याकडे बघत बोटांनी खेळाडू मोजत होता. त्याची मोजणी सहावर थांबली. त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. किनवटची पोरं अदबीनं उभी होती. भाई माझ्याकडे बघतही नव्हते. वाकून गुडघ्याचा पट्टा आवळत होते.

"हॅलो," तारामतीचा आवाज आला. तो तिकडच्या सभागृहातही घुमला. "सगळे वाट बघून राहिले. तुम्ही काय करून राहिलात तिथं?"

मेळाव्याच्या मंचावर, माइकवर, माझ्याच बायकोनं दोनदा ते क्रियापद वापरलं होतं. मी तोंड उघडलं ते दुरुस्तीसाठीच. भाषणाचं पहिलं वाक्यही पाठ होतं.

"हरून राहिलो," मी म्हणालो.

तिकडे कुजबुज थांबली. चारशे पालक, दारावर 'इथे हार नाही' असा बोर्ड, आणि मंचावर तारामती. ती फोन बंद करेल असं मला वाटलं. पण बावीस वर्षं तिनं या संधीची वाट पाहिली होती. ती अगदी माझ्याच वर्गातल्या आवाजात, सावकाश म्हणाली, "हरून कुठं राहिलात?"

सभागृह हसलं. मी मैदानाकडे पाहिलं. सहा माणसं जागच्या जागी उभी होती आणि गोल रिकामा होता.

"इथंच," मी म्हणालो, आणि फोन बिलकीसभाभींच्या हातात देऊन गोलात जाऊन उभा राहिलो.